संगणक अडतो तेव्हा

शाळेच्या एखाद्या खोलीत कापडाखाली झाकून ठेवलेला संगणक आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. तो बिघडला आहे काय, असे विचारले तर उत्तर येते, “बिघडलेला नाही, पण त्यावर हवे ते सॉफ्टवेअर बसत नाही.” पैनगंगेच्या अलीकडे, आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात, बेला-जैनथच्या काळ्या रानापासून उटनूर-नारनूरच्या डोंगराळ भागापर्यंत हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे. खरे सांगावयाचे तर काही वर्षांपूर्वी मी स्वतःही हेच उत्तर देत असे. यंत्र धड असते, वीज असते, शिकावयास उत्सुक मुले असतात. आणि पडद्यावरील इंग्रजीतील दोन ओळींपुढे सारे थांबून राहते. त्या दोन ओळी काय म्हणतात आणि त्यांचे काय करावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

त्या ओळींचा मराठीत अर्थ असा: ‘पुढील पॅकेजांची अवलंबित्वे पूर्ण झालेली नाहीत.’ हे वाचताच मनुष्यास वाटते की यंत्राने नकार दिला. वस्तुतः तो नकार नसतो. ती मागणीची यादी असते. वाण्याने ‘माल संपला’ असे म्हणणे निराळे, आणि आचाऱ्याने ‘एवढे जिन्नस आणून द्या, म्हणजे स्वयंपाक होतो’ असे म्हणणे निराळे. यंत्र येथे आचाऱ्याची भाषा बोलत असते. आपण ती वाण्याची समजून परत फिरतो.

मी ज्या संगणकांविषयी बोलत आहे त्यांवर मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीम असते. जिचा मूळ मजकूर कोणासही वाचता येतो, बदलता येतो आणि दुसऱ्यास देता येतो ती मुक्तस्रोत प्रणाली. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ या प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ हा प्रणालीचा गाभा प्रसिद्ध केला. १९९३ साली इयान मरडॉक यांनी या दोहोंच्या आधारे ‘डेबियन’ या प्रणालीचा आरंभ केला. २००४ साली निघालेली ‘उबुंटू’ ही डेबियनचीच शाखा. आणि आपल्या देशातील सी-डॅक या संस्थेने २००७ साली दिलेली ‘बॉस’ ही प्रणालीही त्याच घराण्यातील. म्हणून पुढील विवेचन मी डेबियनच्या घराण्यास धरून करतो. ‘फेडोरा’ इत्यादि इतर घराण्यांत आज्ञांची नावे निराळी आहेत. तत्त्व मात्र एकच आहे.

आता यादीत ज्या वस्तू मागितलेल्या असतात त्यांपैकी बहुतेक ‘लायब्ररी’ या जातीच्या असतात. हा शब्द ऐकून कोणी ग्रंथालयाची इमारत डोळ्यांपुढे आणू नये. आम्हा शिक्षकांना जवळचा असा एक दाखला देतो. लॉग टेबलाचे पुस्तक आपणांपैकी अनेकांनी वापरले आहे. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र या तिन्ही विषयांना त्यातील कोष्टके लागतात. पण ती कोष्टके प्रत्येक पाठ्यपुस्तकात पुनःपुन्हा छापीत नाहीत. ‘कोष्टक पाहावे’ एवढेच लिहितात, आणि कपाटातील एकच पुस्तक सर्वांच्या उपयोगी पडते. संगणकातील सामायिक लायब्ररी ही अशीच असते. पडद्यावर अक्षर उमटविणे, चित्राची फाइल उलगडणे, ध्वनी वाजविणे, संदेश गुप्त लिपीत पाठविणे ही कामे शेकडो प्रोग्रॅमना लागतात. ती एकदाच लिहून एका ठिकाणी ठेवतात, आणि ज्याला गरज असेल तो प्रोग्रॅम तेथून ती करून घेतो.

यात जागेची बचत होते, हा पहिला लाभ. दुसरा लाभ याहून मोठा आहे. लायब्ररीत एखादा दोष सापडला तर तो एका ठिकाणी दुरुस्त केला की तिच्यावर उभे असलेले सारे प्रोग्रॅम सुधारतात. पण लाभाबरोबर जोखीमही येते. कपाटातील पुस्तक नाहीसे झाले तर तिन्ही विषयांचे वर्ग अडतात. पुस्तक आहे, पण आवृत्ती निराळी आहे आणि चाळिसाव्या पानावरचे कोष्टक बावन्नाव्या पानावर गेले आहे, असे झाले तरी वर्ग अडतात. प्रोग्रॅम बसविताना येणाऱ्या बहुतेक सर्व अडचणी या दोन प्रकारांत मोडतात: वस्तू नाही, किंवा वस्तू आहे पण आवृत्ती जुळत नाही.

ही अडचण ओळखूनच डेबियनच्या मंडळींनी प्रत्येक प्रोग्रॅम ‘पॅकेज’ या रूपात बांधण्याची पद्धत घातली. पॅकेजमध्ये प्रोग्रॅम तर असतोच. शिवाय त्यास काय काय लागते आणि निदान कितव्या आवृत्तीचे लागते, याची चिठ्ठी असते. अशी सर्व पॅकेजे एका भांडारात ठेवलेली असतात. २०२३ साली निघालेल्या डेबियनच्या १२ व्या आवृत्तीच्या भांडारात ६४ हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. या भांडारातून माल आणणारा कारभारी म्हणजे ‘ॲप्ट’ हे साधन. ते १९९९ साली डेबियनच्या २.१ या आवृत्तीबरोबर लोकांच्या हाती आले. आपण त्यास एका प्रोग्रॅमचे नाव सांगावे; तो चिठ्ठी वाचतो, चिठ्ठीतील प्रत्येक वस्तूची चिठ्ठी वाचतो, यंत्रात काय आधीच आहे ते पाहतो, उरलेले सर्व आणतो आणि क्रमाने बसवितो. भांडाराच्या यादीवर डिजिटल स्वाक्षरी असते आणि आणलेला माल त्या यादीशी ताडून पाहिला जातो. त्यामुळे वाटेत कोणी भेसळ केली तर ती उघडकीस येते.

मग एवढा कारभारी हाताशी असता यंत्र अडते का? कारणे थोडी आहेत. ती एकेक पाहू.

पहिले कारण अगदी साधे. कारभाऱ्याजवळची मालाची यादी शिळी झालेली असते. ‘ॲप्ट अपडेट’ ही आज्ञा दिली की यादी ताजी होते. पुष्कळ वेळा एवढ्यानेच काम भागते, आणि म्हणून कोणतीही खटपट करण्यापूर्वी हे करावे.

दुसरे कारण म्हणजे आपण भांडारातून न घेता कोठून तरी एक सुटी फाइल उतरवून आणतो. अशी फाइल बसविण्याचे ‘डीपीकेजी’ नावाचे साधन आहे; पण ते चिठ्ठी वाचून तक्रार करते, वस्तू आणून देत नाही. तीच फाइल ‘ॲप्ट इन्स्टॉल’ या आज्ञेपुढे तिच्या ठिकाणासह लिहिली, तर उणे पडलेल्या लायब्ऱ्या भांडारातून आपोआप आणल्या जातात. आधीच अर्धवट बसवून बसलो असू तर ‘ॲप्ट फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ ही आज्ञा द्यावी. मात्र येथे एक सावधगिरी अवश्य पाळावी. काम सुरू करण्यापूर्वी कारभारी सांगतो की अमुक वस्तू बसवीन आणि अमुक काढून टाकीन. त्यातील ‘काढून टाकीन’ ही यादी वाचल्यावाचून होकार देऊ नये. आपण न मागितलेल्या वीस-पंचवीस वस्तू त्या यादीत दिसल्या तर तेथेच थांबावे.

तिसरे कारण आवृत्तीचे. ओपनएसएसएल नावाची, गुप्त संदेशांचे काम करणारी एक प्रसिद्ध लायब्ररी आहे. डेबियनच्या ११ व्या आवृत्तीत तिची १.१.१ ही आवृत्ती होती. १२ व्या आवृत्तीत ३.० आली. जुने प्रोग्रॅम अजूनही १.१ मागतात आणि नव्या प्रणालीत ती सापडत नाही. अशा वेळी लोक जुन्या भांडारातून ती लायब्ररी काढून बसवितात. परंतु मूळ कर्त्यांनी तिची सर्वसाधारण देखभाल सप्टेंबर २०२३ मध्ये थांबविली आहे. कुलुपाचे काम करणारीच वस्तू दुरुस्तीवाचून पडलेली वापरणे शहाणपणाचे नव्हे. त्यापेक्षा त्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती भांडारात आहे काय, हे पाहावे.

कधीकधी वस्तू तीच राहून नाव बदलते. १९७० पासूनचे सेकंद मोजून संगणक वेळ ठेवतो, आणि ३२ बिटांच्या मोजणीत ती संख्या १९ जानेवारी २०३८ रोजी मावेनाशी होते. हा घोटाळा टाळण्यासाठी उबुंटूच्या २४.०४ या आणि डेबियनच्या १३ व्या आवृत्तीत अनेक लायब्ऱ्या नव्याने बांधल्या गेल्या व त्यांच्या नावांच्या शेवटी ‘टी ६४’ अशी खूण जोडली गेली. ध्वनीची ‘लिबअसाउंड-२’ ही लायब्ररी त्यांपैकीच. जुन्या पुस्तकात पाहून जुने नाव टंकले तर ते कारभाऱ्यास ओळखू येईलच असे नाही. भांडारात नावाचा एखादा तुकडा घेऊन ‘ॲप्ट सर्च’ या आज्ञेने शोध घेतला की नवे नाव सापडते.

चौथे कारण यंत्राच्या जातीचे. देणगी म्हणून आलेली जुनी यंत्रे ३२ बिटांची असू शकतात, आणि आजचे बहुतेक प्रोग्रॅम ६४ बिटांच्या यंत्रांसाठी बांधलेले असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या डेबियनच्या १३ व्या आवृत्तीत ३२ बिटांच्या जुन्या वैयक्तिक संगणकांसाठी स्थापनेचे साधनच उरलेले नाही. तेव्हा यंत्र स्वीकारतानाच त्याची जात विचारून घ्यावी.

याशिवाय असेही होते की प्रोग्रॅम बसतो, पण चालू करताच ‘अमुक लायब्ररी सापडली नाही’ असे सांगून बंद पडतो. खात्रीच्या प्रोग्रॅमवर ‘एलडीडी’ ही आज्ञा चालविली तर त्यास लागणाऱ्या साऱ्या लायब्ऱ्यांची नावे एकाखाली एक येतात, आणि जी नसेल तिच्यापुढे ‘सापडली नाही’ असा शेरा पडतो. ती फाइल कोणत्या पॅकेजमध्ये आहे, हे ‘ॲप्ट-फाइल’ नावाचे साधन सांगते. एवढे कळले की पुढचे काम कारभाऱ्याचे.

हे सर्व मी आज शांतपणे सांगत आहे. पण ते शिकण्याची किंमत मुलांना द्यावी लागली, हेही सांगितले पाहिजे. मी ज्या शाळेत होतो तेथील आठवीच्या मुलांनी एक वर्षभर घरोघरी जाऊन आजी-आजोबांकडून शब्द गोळा केले होते. शेतीची अवजारे, पक्षी, धान्ये, सण यांची गोंडी आणि मराठी नावे त्यांनी शाळेच्या संगणकावर देवनागरीत उतरवून ठेवली होती. त्यांचा एक लहानसा कोश छापून काढावा, असे माझ्या मनात आले, आणि नाताळच्या सुटीत मी त्यासाठी एका प्रोग्रॅमची सुटी फाइल उतरवून घेतली. यंत्रावर डेबियन १२ होती. संदेश आला: ‘लिबसी-६ निदान २.३८ हवी; येथे २.३६ आहे.’ म्हणजे ती फाइल माझ्या प्रणालीसाठी बांधलेलीच नव्हती. संदेश स्वच्छ होता. मी तो वाचला, पण त्याचा अर्थ घेतला नाही.

‘लिबसी’ ही प्रणालीतील सर्वांत मूलभूत लायब्ररी. घराच्या भिंतीतील एखादी वीट बदलता येते; पायाचा दगड घर उभे असता काढता येत नाही. मी तिची जुनी आवृत्ती बळेच काढून दुसऱ्या प्रणालीतील नवी बसविण्याचा घाट घातला. कारभारी दोनदा ‘असे करू नका’ म्हणाला. मी त्यास गप्प बसविले. जुनी निघाली त्या क्षणापासून एकही आज्ञा चालेना, कारण नवी बसविणारे साधन त्याच जुनीवर उभे होते. घाबरून मी सगळी डिस्क पुसून प्रणाली नव्याने टाकली. यंत्र सुरू झाले. मुलांचे शब्द मात्र गेले.

नंतर कळले की एवढ्या अवस्थेतही काही गमावण्याचे कारण नव्हते. पेन ड्राइव्हवरून दुसरी प्रणाली चालू करता येते, तिच्यातून जुनी डिस्क उघडता येते, आणि फाइली सुखरूप काढून घेता येतात. पायाचा दगड निखळला होता. कोठीतील धान्य जागच्या जागी होते. पुढील वर्षी मुलांनी पुन्हा शब्द गोळा केले. पण पहिल्या वर्षी सर्वांत अधिक शब्द सांगणारी आजी तोपर्यंत वारली होती, आणि तिचे काही शब्द दुसऱ्या कोणास आठवले नाहीत. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की कोणतीही दुरुस्ती करण्यापूर्वी मुलांच्या कामाची प्रत बाहेर काढावी. आणि ‘बळेच’ हा शब्द ज्या आज्ञेत असेल ती देण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्यावी.

आता एक प्रश्न उरतो. कारभारी भांडारातून माल आणतो, हे ठीक. पण जेथे इंटरनेट पोहोचत नाही, किंवा पोहोचले तरी पावसाळ्यात टिकत नाही, तेथील शाळेने काय करावे? यावरही उपाय आहे. डेबियनच्या डीव्हीडी-प्रतिमा मिळतात. त्या पेन ड्राइव्हवर नेल्या तर भांडाराचा मोठा भाग गावातच येतो. दुसरा उपाय ‘ॲप्ट-ऑफलाइन’ या साधनाचा. ते रितेश राज सराफ या भारतीय डेबियन-कार्यकर्त्याने लिहिले आहे. गावातील यंत्र आपल्यास काय काय उणे आहे याची यादी एका लहान फाइलीत लिहून देते. ती पेन ड्राइव्हवर घालून इंटरनेट असलेल्या ठिकाणी न्यावी. तेथील संगणक त्या यादीप्रमाणे माल उतरवून घेतो. आणि तो परत आणून गावातील यंत्रास द्यावा. बाजारच्या दिवशी यादी घेऊन जावे आणि सामान घेऊन यावे, तसेच हे आहे. मात्र हे साधन, यंत्र प्रथम तयार करतानाच त्यावर बसवून ठेवावे.

येथे एक शंका पुष्कळजण भीत भीत विचारतात की, अशी प्रत काढणे ही चोरी तर नव्हे? नव्हे. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा परवानाच प्रत काढण्याचा आणि शेजारच्या शाळेस देण्याचा अधिकार देतो. एका शिक्षकाने एकदा नीट जमविलेले भांडार दहा शाळांनी वापरले तर तो नियमभंग नसून त्या चळवळीचा हेतूच आहे.

ज्यांना हे सारे एकेकट्याने करणे जड वाटते त्यांनी केरळकडे पाहावे. तेथे २००१ साली ‘आयटी ॲट स्कूल’ हा सरकारी प्रकल्प सुरू झाला. २०१७ साली त्याचे ‘काइट’ या संस्थेत रूपांतर झाले. ही संस्था उबुंटूच्या आधारे शाळांसाठी स्वतःची प्रणाली तयार करते, आणि अभ्यासक्रमास लागणारे प्रोग्रॅम त्यांच्या लायब्ऱ्यांसह तिच्यात आधीच बसविलेले असतात. अवलंबित्वाचा प्रश्न तेथे प्रत्येक शिक्षकास सोडवावा लागत नाही. तो एका ठिकाणी, सर्वांसाठी सोडविला जातो. अलीकडे ‘फ्लॅटपॅक’ व ‘स्नॅप’ या पद्धतींतही प्रोग्रॅम आपल्या लायब्ऱ्या मोठ्या प्रमाणात बरोबर घेऊन येतो. सोय होते, पण प्रत्येक पाठ्यपुस्तकात कोष्टके पुन्हा छापावीत त्याप्रमाणे जागा अधिक लागते, आणि लहान डिस्कच्या जुन्या यंत्रास ते जड जाते.

शेवटी आमच्या जिल्ह्याची एक गोष्ट. नारनूर मंडळातील गुंजाला या गावी गोंडी भाषेची हस्तलिखिते आढळली, आणि हैदराबाद विद्यापीठातील अभ्यासकांच्या प्रयत्नाने त्यांची लिपी जगापुढे आली. जून २०१८ मध्ये युनिकोड या जागतिक अक्षरसंकेताच्या ११ व्या आवृत्तीत ‘गुंजाला गोंडी’ लिपीस स्थान मिळाले. तथापि त्या लिपीतील मजकूर एखाद्या शाळेच्या संगणकावर उघडला तर अक्षरांच्या ठिकाणी रिकामे चौकोन दिसण्याचा संभव आहे. मूल विचारते, “गुरुजी, आमची अक्षरे संगणकाला येत नाहीत का?” येतात. तेथेही एक वस्तू उणी असते, एवढेच. ‘नोटो’ या कुटुंबातील गुंजाला गोंडीचा फाँट डेबियनच्या ‘फाँट्स-नोटो-कोअर’ या पॅकेजमध्ये आहे. आणि अक्षरांची जुळणी करणारी ‘हार्फबझ’ ही लायब्ररी त्या लिपीस ओळखण्याइतकी नवी असावी लागते. दोन्ही आणून बसविली की चौकोनांच्या जागी अक्षरे येतात.

श्रोतेहो, तेव्हा पडद्यावर त्या दोन ओळी आल्या म्हणजे यंत्रावर कापड घालू नका. काय उणे आहे ते वाचा. कागदावर उतरवून घ्या. ते आपल्याच प्रणालीच्या, आपल्याच आवृत्तीच्या भांडारातून आणा. आणि त्यापूर्वी मुलांनी लिहून ठेवले आहे त्याची प्रत काढून ठेवा. यंत्र दुसरे मिळते, प्रणाली पुन्हा टाकता येते. लिहून ठेवलेला शब्द मात्र, प्रत नसेल तर, एकदाच जातो.